आजचा दिवस दाखवलास म्हणून

'हे आमच्या स्वर्गीय पित्या, आजचा दिवस तू आम्हाला दाखवलास म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो.' आमच्या घरातली प्रत्येक प्रार्थना याच वाक्याने सुरू व्हायची. आधी पप्पा म्हणायचे, मग मम्मी, मग दादा, मग मी. हे वाक्य झालं की लगेच विनंत्या. परीक्षा, नोकरी, कुणाचं तरी ऑपरेशन आणि शेवटी 'जे आजारी आहेत, जे प्रवासात आहेत त्यांना सांभाळ.' उपकारस्तुतीच्या वाट्याला फार तर अर्धा मिनिट यायचा आणि तो कुणाला कमीही वाटायचा नाही. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्षीच्या वेळी तेच. नोकरी लागली, मूल झालं, रिपोर्ट नॉर्मल आला, की माणूस उभं राहून उपकार मानतं. ज्याचा रिपोर्ट नॉर्मल आला नाही तो बाकावर बसून राहतो.

पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला आणि आम्ही त्या बसून राहणाऱ्यांत जमा झालो. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मम्मी आधीच प्रभूकडे गेलेली. दादा परदेशात. मी घरून काम करते, म्हणजे 'तुला काय, तू घरीच असतेस' या सदरात मोडणारी. दिवसा मदतनीस म्हणून एक मामा यायचे, रात्र माझी.

भेटायला येणाऱ्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं. 'देवाचे उपकार मान. अमक्याचे वडील तर जागच्या जागी गेले. तमके कितीतरी दिवस कोमात आहेत.' मायेने म्हणतात, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण ते ऐकताना दर वेळी पोटात ढवळून यायचं. का, ते लूकच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय वाचताना कळलं. परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, मंदिरात उभा राहून प्रार्थना करतो आणि ती प्रार्थना चक्क आभाराची आहे. मी इतरांसारखा नाही, त्या तिथल्या जकातदारासारखा तर मुळीच नाही, म्हणून देवा, तुझे आभार. तो मागत काहीच नाही. आणि येशू म्हणतो, नीतिमान ठरून घरी गेला तो दुसराच, तो जकातदार. हा उतारा लहानपणापासून गर्वाबद्दलचा म्हणून ऐकला होता, पण त्यात देवाला न रुचलेली एक उपकारस्तुती आहे, हे कुणी दाखवलं नव्हतं. दुसऱ्याचं वाईट समोर ठेवून स्वतःचं बरं मोजणं ही आभार मानायची सगळ्यात सोपी तऱ्हा, आणि मुलांना आपण तीच शिकवतो. ताटात टाकू नकोस, किती मुलं उपाशी आहेत बघ. मग कोमातल्या त्या माणसाच्या मुलीने कुणाकडे बघून उपकार मानायचे?

तेव्हा पहिला नियम मी स्वतःपुरता केला तो हा, की माझ्या आभारात दुसऱ्या कुणाचं दुःख येणार नाही. नियम केल्यावर लक्षात आलं, की मग म्हणायला जवळजवळ काही उरतच नाही.

याच सुमाराला एका कॅथलिक मैत्रिणीने मला त्यांच्याकडची रात्रीची रीत सांगितली. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला हे मूळचे लढवय्ये. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांचं आयुष्य पालटलं. (अंथरुणाला खिळलेला माणूस म्हटल्यावर मी अर्थातच कान टवकारले.) पुढे त्यांनी साधनेचं जे पुस्तक लिहिलं त्याला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत. मी धरून चालले होते, की पहिली पायरी पापांची कबुली असणार. आम्ही प्रॉटेस्टंट लोक आत्मपरीक्षण म्हटलं की आधी खाली मान घालतो. तर पहिली पायरी मिळालेल्या कृपादानांबद्दल देवाचे आभार. दुसरी, स्वतःची पापं दिसावीत म्हणून कृपा मागायची. सकाळी उठल्यापासून तासातासाचा हिशेब तिसऱ्या पायरीवर येतो, त्यानंतर क्षमा आणि मग सुधारण्याचा निश्चय. १५४२ मधल्या एका पत्रात तर इग्नेशियस कृतघ्नतेला सगळ्या पापांचं मूळ म्हणतात. मैत्रीण म्हणाली, 'तू सध्या पाचही करू नकोस, मोडशील. पहिलीच कर. फक्त तासातासाने कर.'

रात्री पप्पांना कुशीवर वळवून झालं, पाठीला उशी लावली, की मी त्यांच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसायचे. दिवस सकाळपासून मनात चालवायचा आणि जे मिळालं ते देवापाशी बोलायचं. सुरुवातीचे दिवस कंटाळवाणे होते, हे सांगायला हवं. आरोग्य, घर, नोकरी, पुन्हा आरोग्य, घर, नोकरी. झोप अनावर व्हायची. मामांची सुट्टी असली की त्या रात्री हे सगळं सोडूनच द्यायचे.

दवाखान्यातल्या समुपदेशकांनी 'कृतज्ञतेची वही' ठेवायला सांगितली होती. हल्ली ती बरेच जण ठेवतात. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, पाचपर्यंत अशा गोष्टी लिहिल्या होत्या, आणि कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा हे लोक आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी आढळले. मला वहीचं वावडं नाही. मीही लिहून पाहिलं. पण वहीत लिहिलेलं कुणाला उद्देशून नसतं. 'मीटिंग रद्द झाली', 'लिफ्ट दुरुस्त झाली', 'जाऊबाईंचा फोन आला नाही'. हेच प्रभूला तोंडावर म्हणायला गेले तेव्हा पहिली दोन बिनदिक्कत म्हणता आली. तिसऱ्याला जीभ अडखळली. जाऊबाईंचा फोन आला नाही म्हणून तुझे उपकार मानते, असं कसं म्हणणार? म्हणजे 'तू' म्हणायला लागल्यावर यादीतलं काही आपोआप गळून पडलं आणि जे राहिलं ते नीट बघावं लागलं. वही मी ठेवून दिली.

मग पाण्याचा दिवस आला. झटक्यानंतर पप्पांना साधं पाणी बंद होतं. गिळताना घशाचे स्नायू वेळेवर हलत नव्हते आणि पाणी श्वासनलिकेत जायची भीती होती. पाण्यात एक पावडर घालून ते घट्ट करायचं, पप्पांना ताठ बसवायचं, हनुवटी जरा खाली घ्यायला लावायची आणि चमच्याने थोडं थोडं द्यायचं. पप्पा तोंड वाईट करून घ्यायचे. चमचा पुढे आला की डाव्या हाताने माझं मनगट धरायचे. बऱ्याच आठवड्यांनी थेरपिस्ट ताईंनी एका चमच्यात साधं पाणी घेतलं. आम्ही तिघं चमच्याकडे बघत होतो. पप्पांनी पाणी तोंडात घेतलं, थांबले, कंठमणी वर सरकला, खाली आला. खोकला नाही. ताईंनी त्यांच्या गळ्याला बोटं लावून दुसरा चमचा दिला. तोही गेला. पप्पांनी डाव्या हाताने चमचाच हिसकावला.

ताईंनी मला चित्र काढून दाखवलं होतं. आपण गिळतो तेव्हा श्वासाचा रस्ता क्षणभर बंद होतो, वर एक छोटं झाकण पडतं आणि घास मागच्या नळीत जातो. त्या रात्री मी त्या झाकणाबद्दल देवाचे उपकार मानले. पप्पांच्या आणि मग माझ्याही. माझं झाकण इतकी वर्षं दिवसातून शेकडो वेळा पडत होतं आणि मी 'आजचा दिवस दाखवलास' म्हणत होते. त्या दिवसात नेमकं काय काय होतं, ते बघायला मी त्यानंतर सुरुवात केली. आरोग्य, घर, नोकरी हे शब्द बंद केले. कोणता अवयव, कोणतं दार, कोण माणूस, किती वाजता, असं बोलायचं. प्रार्थना लांबली आणि झोपही कमी येऊ लागली.

एवढं झाल्यावर मला त्या जुन्या पाठ वाक्याचा राग यायला लागला होता. पोपटपंची, असं मी मैत्रिणीला म्हणालेही. आणि मग एका संध्याकाळी, पप्पांचा उजवा हात चोळता चोळता, मी सवयीने प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले. 'तुझे राज्य येवो' पाशी खालून आवाज आला. अस्पष्ट, पण सुरात. 'जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही...' ज्या माणसाला 'पाणी' म्हणता येत नव्हतं, माझ्या नावाऐवजी नुसतं 'ते, ते' निघत होतं, तो माणूस 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' सबंध म्हणाला. आमेन म्हणाला आणि पुन्हा मुका झाला. थेरपिस्ट ताईंना नवल वाटलं नाही. मेंदूचा वाक्य जुळवणारा भाग दुखावला तरी पाठ झालेलं, म्हणजे आकडे, गाणी, प्रार्थना, अनेकदा शाबूत राहतं, कारण ते वेगळ्या वाटेने येतं. मग मी पप्पांचं वाक्य धरलं. 'हे आमच्या स्वर्गीय पित्या, आजचा दिवस...' आणि थांबले. त्यांनी ते पुरं केलं. आता रात्री आधी ते त्यांचं वाक्य म्हणतात, मग मी माझं तासातासाचं. पोपटपंचीबद्दलचं माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण आवाज जरा खाली आलाय.

सगळ्या रात्री अशा नव्हत्या. पप्पांना ताप आला, छातीत कफ झाला, पुन्हा भरती करावं लागलं. त्या काळात 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' हे थेस्सलनीकाकरांच्या पत्रातलं वचन मला कुणीतरी मोबाईलवर पाठवलं, फुलांच्या चित्रावर. मी उत्तर दिलं नाही. मला त्या वेळी स्तोत्रसंहितेने सांभाळलं, आणि तीही वेगळ्या जागेने. तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोन ओवींत 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो आणि सहाव्या ओवीपर्यंत गाण्याची भाषा येते. तेवढा वळसा मला झेपत नव्हता. मग अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र सापडलं. त्यात वळण नाहीच. रात्रंदिवस हाक मारून शेवटी अंधारच उरतो आणि स्तोत्र तिथेच संपतं. आभाराचा एक शब्द नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ज्या रात्री मानायला काही सापडलं नाही त्या रात्री मी ते स्तोत्र मोठ्याने वाचलं आणि दिवा मालवला. आभाराच्या जागी तक्रार ठेवली, असं मला वाटलं नाही. तीही त्यालाच उद्देशून होती.

इथे एक नावड सांगून टाकते. 'स्तुती कर, मग बघ देव कसं दार उघडतो' असा एक उपदेश फार चालतो. स्तुती आधी, पावती मागून. मला तो पटत नाही, आणि त्यासाठी मी प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय पुढे करते. येशूचा प्रेषित पौल कैदी म्हणून जहाजावर आहे. चौदा दिवस वादळ चाललंय, माणसं उपाशी आहेत. जहाजावर २७६ जण असल्याचा आकडाही हे पुस्तक लिहिणारा लूक देतो. अशा वेळी पौल भाकर घेतो, सगळ्यांसमोर देवाचे उपकार मानतो, मोडतो आणि खायला लागतो. पुढे काय होतं? जहाज फुटतं. ज्यांना पोहता येतं ते पोहतात, बाकीचे फळ्यांवर, तुकड्यांवर किनाऱ्याला लागतात. माणसं वाचतात, ते वचन आधीच मिळालेलं होतं. जहाज वाचत नाही. पप्पांचा उजवा हात अजून उचलत नाही आणि तो उचलेल अशी आशा डॉक्टर देत नाहीत. त्या हाताला रोज तेल लावताना उपकारस्तुती करायची असेल, तर ती तो हात परत मिळवायची युक्ती असून चालणार नाही. तो हात कुणीतरी चोळायला आहे, त्याला ऊब कळते, एवढ्याबद्दल करता येते. मी करते.

रात्रीसाठी साठवून ठेवण्यात एक अडचण निघाली. माणसं रात्री नसतात. मामा सात वाजता निघून जायचे आणि मी दहा वाजता देवाला सांगायचे, की मामांनी आज पप्पांची दाढी किती हळुवार केली. मामांना त्याचा पत्ताच नाही. लेवीय या बायबलमधल्या नियमांच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात उपकारस्तुतीच्या यज्ञाचा नियम आहे. त्याचं मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत काही शिल्लक ठेवायचं नाही. जनावराचं एवढं मांस, वर भाकरी, आणि एक दिवस. एकट्या कुटुंबाला ते संपणार कसं? मला तरी त्यातून असंच दिसतं, की माणसं बोलवावी लागत असणार. तेव्हापासून दुपारचं दुपारीच सांगायला लागले. 'मामा, दाढी फार छान केलीत, पप्पांना एकदाही ओरखडा नाही.' मामा पहिल्यांदा दचकले. आमच्याकडे असं काही बोलल्यावर पुढे 'पण' येतो. तो आला नाही, तेव्हा म्हणाले, 'पप्पा गाल पुढे करतात आता.' हे मला माहीत नव्हतं.

येशूने बरं केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच आभार मानायला परत आला, ती गोष्टही मला त्यानंतर निराळी दिसायला लागली. बाकीचे नऊ जण आपल्याकडे फुकटचे बदनाम आहेत. येशूनेच सांगितलं होतं, जा आणि याजकांना दाखवा. ते आज्ञेप्रमाणे निघाले होते, काम पुरं करणार होते. जो परत फिरला तो शोमरोन प्रांतातला माणूस वाटेतच फिरला, सांगितलेलं काम अर्धवट सोडून. मी स्वभावाने त्या नऊ जणांपैकी आहे. औषधांचं वेळापत्रक, चादरी, ऑफिसचा कॉल, सगळं वेळच्या वेळी. मागे फिरायला कामाचा ओघ तोडावा लागतो, तो मला अजून जड जातो.

सगळ्यात जड गेला दादा. मामांचे आभार मानणं सोपं. दादाचा फोन आठवड्यातून एकदा येतो. पैसे पाठवतो आणि सूचना देतो. व्यायाम करून घेतेस ना? डॉक्टर बदलून बघूया का? मी फोन ठेवल्यावर भिंतीशी भांडते. पौल मात्र आपली बहुतेक पत्रं ज्यांना लिहितोय त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानून सुरू करतो, आणि करिंथकरांनाही तो ते चुकवत नाही. करिंथ शहरातली मंडळी म्हणजे गटबाजी, कोर्टकचेऱ्या, प्रभुभोजनाच्या वेळी एक उपाशी आणि एक झिंगलेला. पुढे पंधरा-सोळा अध्याय त्यांना फैलावर घ्यायचंय, पण आधी आभार. (गलतीकरांच्या पत्रात तेवढे आभार नाहीत. तिथे तो इतका चिडलाय, की सरळ 'मला आश्चर्य वाटते' वर येतो. हे वाचून मला जरा धीर आला.) मी ठरवलं, की दादाबद्दल तक्रार करायचीच, पण आधी एक खरं आभाराचं वाक्य बोलून. खरं सापडायला वेळ लागला. 'पैसे पाठवतो' हे मी मानायला तयार नव्हते, ते मला त्याचं कर्तव्य वाटायचं. शेवटी जे सापडलं ते असं, की फोन ठेवण्याआधी तो दर वेळी म्हणतो, 'पप्पांच्या कानाला लाव.' मी लावते. तो पलीकडून लहानपणीचं एक उपासनेचं गीत म्हणतो, बेसूर, दोन कडवी. पप्पा शेवटच्या ओळीला सूर लावतात. मी हे कित्येक महिने फोन धरून उभी राहून ऐकलं होतं आणि हात दुखतोय एवढंच मनात आलं होतं.

दोन-तीन महिने देवापाशी बोलून झाल्यावर ते एकदा दादालाच म्हटलं. 'तू पप्पांना गाणं म्हणतोस ना, त्याबद्दल थँक्यू. ते आता तुझ्या फोनची वाट बघतात.' पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, 'तुझी तब्येत बरी आहे ना?' मी म्हटलं, बरी आहे. 'नाही, काही लपवत नाहीस ना? पप्पांचा काही रिपोर्ट वगैरे?' त्याला समजावण्यात कॉलचा उरलेला वेळ गेला. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा फोन केला, मधल्या वारी, हे आजवर कधी झालं नव्हतं. सूचना होत्याच. व्यायाम, डॉक्टर. डिसेंबरात यायचं बघतो, म्हणाला. मागच्या डिसेंबरातही बघत होता. मी ते त्याला तसं स्पष्ट सांगितलं आणि फोन पप्पांच्या कानाला लावला.